पेठेतले एक्केचाळीस दगड

दागिना गेला, मोटारसायकल गेली, शेळी गेली, अशा तक्रारी मी नोकरीत शेकड्यांनी लिहून घेतल्या. रस्त्यातले दगड गेल्याची तक्रार मात्र एकदाच आली. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली, बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील पुसट झाले, पण त्या आठ दिवसांतला एकेक दिवस मला सांगता येईल.

कुणाचं नाव लिहीत नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून रोज भेटतात, आणि मला त्यांच्याकडूनच भाजी घ्यायची आहे.

मी तेव्हा शिरूरला सहायक फौजदार होतो. मूळचा मी इकडचा नाही. माझं गाव मराठवाड्याच्या पार टोकाला, तेलंगणाच्या हद्दीजवळ. आठवीत शाळा सुटली आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर दौंड तालुक्यात आलो. तिथल्या एका पोलीस जमादारांनी भरतीची माहिती दिली, अर्ज भरून दिला, धावण्याच्या चाचणीला स्वतःचे बूट दिले. त्या वेळी भरतीला माझ्याएवढं शिक्षण पुरत असे. पुढे खात्याच्या परीक्षा देत फौजदारापर्यंत आलो, पण लिहिताना हात अडखळायचा तो अडखळायचाच. कुठलाही अहवाल मी आधी पाठकोऱ्या कागदावर कच्चा लिहायचो, दोनदा वाचायचो आणि मगच पक्का करायचो. ठाण्यातली तरुण पोरं हसायची. आपल्या हातून चुकीचं कलम पडेल आणि कुणाचं तरी वाटोळं होईल, ही धास्ती मला शेवटच्या दिवसापर्यंत राहिली.

शिरूरची जुनी पेठ त्या काळात ओस पडत चालली होती. गिऱ्हाईक हायवेकडच्या मोठ्या दुकानांकडे वळलं होतं. पेठेतली निम्मी दुकानं दुपारी शटर ओढून घेत. पुण्याच्या एका सामाजिक संस्थेनं ही पेठ पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. सरकारी योजनेतून संस्थेला निधी मिळाला, तोही हप्त्यांनी. पहिल्या हप्त्यात तारा जमिनीखाली गेल्या, दुकानांच्या जुन्या लाकडी दर्शनी फळ्या घासून तेलपाणी झालं, एकसारख्या पाट्या लागल्या. दुसऱ्या टप्प्यात रस्ता होता. पेठेत पूर्वीपासून काळ्या दगडाची फरसबंदी होती. ती उचलायची, खाली गटार टाकायचं आणि तेच दगड पुन्हा त्याच जागी बसवायचे, अशी निधीची अट होती. पुण्याहून तपासणी पथक येणार, दगड मोजणार, फोटोंशी ताडून बघणार आणि मगच पुढचा हप्ता सुटणार.

संस्थेचं काम बघणारी बाई पस्तिशीची असेल. सगळी पेठ तिला ताई म्हणायची. उन्हात टोपी घालून दिवसभर उभी राहायची आणि मजुरांबरोबर जमिनीवर बसून डबा खायची.

तक्रार घेऊन आले ते पेठेतले एक कापड दुकानदार. दुकानासमोर खड्डा, लग्नसराई तोंडावर, गिऱ्हाईक आत येईना. आधीच वैतागलेला माणूस. त्यांनी लेखी अर्ज दिला की ढिगांतले दगड कमी झाले आहेत, संस्थेनं ते परस्पर विकले आहेत आणि ही सरकारी पैशाची लूट आहे.

निरीक्षक साहेबांनी अर्ज माझ्याकडे दिला. म्हणाले, चौकशी करा, आठ दिवसांत अहवाल द्या, तथ्य निघालं तर गुन्हा दाखल करू. पथक नवव्या दिवशी येणार होतं.

मी ताईंना ठाण्यात न बोलावता जागेवर गेलो. बाईमाणसाला ठाण्याच्या बाकावर बसवलं की गावात बातमी आधी होते आणि चौकशी मागाहून. पेठेमागच्या मोकळ्या जागेत दगडांचे ढीग रचलेले होते, प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगानं नंबर. ताईंनी स्वतःच सांगितलं की एक्केचाळीस दगड कमी आहेत आणि हे त्यांना चार दिवसांपासून माहीत आहे.

"मग तुम्ही तक्रार का नाही दिली?" मी विचारलं.

"गुन्हा दाखल झाला की निधी थांबतो, साहेब. तो कुणावर आहे हे नंतर बघतात. एकदा थांबला की वर्षभर सुटत नाही. मग हा खणलेला रस्ता असाच राहील, आणि पावसात दुकानांत पाणी शिरेल." बोलताना त्या माझ्याकडे न बघता खड्ड्याकडे बघत होत्या. "वाटलं, सापडतील."

हे लपवणंच झालं. मी तसं कच्च्या कागदावर लिहिलं, पण पक्क्यावर उतरवायला हात होईना.

मुकादम उत्तर प्रदेशाकडचा होता. त्याला वेगळा घेतला. घाबरलेला होता, पण उत्तरं सरळ देत होता. रात्री पहारेकरी असतो, गाडी आली नाही, ट्रॅक्टर आला नाही. दिवसा कोण येतं, विचारलं. तो म्हणाला, "बाजारवाली औरतें आती हैं साहब, दोपहर को. पत्थर पे पानी डालती हैं, हाथ फेरती हैं. हम समझे पूजा है."

मीही पूजा असंच लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. तपासात मी केलेली ही सर्वांत मोठी चूक. उत्तर पहिल्याच दिवशी हातात दिलं होतं, आणि मी त्यावर पाय देऊन पुढे गेलो.

तिसऱ्या दिवशी दौंडहून खबर आली. स्टेशनबाहेर चहाची गाडी लावणारा माझा जुना माणूस, ऊसतोडीच्या दिवसांपासूनचा. म्हणाला, इथं एका मळ्यात बंगल्याचं काम चाललंय, काळे घडीव दगड उतरलेत, वाटतंय तुमचेच. साहेबांना सांगितलं, स्टेशन डायरीला रवानगीची नोंद टाकली आणि एक शिपाई घेऊन निघालो. वाटेत मनात अहवालाची वाक्यंसुद्धा जुळवली.

मळ्याचे मालक आप्पा म्हणून ओळखले जाणारे बागायतदार. त्यांनी आधी चहा सांगितला, मग दगड दाखवले. मी एक दगड उलटा केला आणि माझा चेहरा उतरला. दगडाची एक बाजू आतून वळलेली होती. फरशीचा दगड सपाट असतो, विहिरीच्या बांधकामाचा गोलाईत घडवलेला असतो.

"आमची जुनी हीर पाडली मागल्या महिन्यात," आप्पा म्हणाले. "त्येचेच हायेत. फौजदार, तुम्ही शिरूरवरनं हिरीचं दगुड बघायला आला व्हय? आमास्नी सांगायचं, फोटू धाडला असता."

माझ्याबरोबरचा शिपाई तोंड फिरवून हसला. चहा मात्र चांगला होता.

परत आल्यावर मी गाडी, ट्रॅक्टर, खरेदीदार हा सगळा विचार सोडला आणि ताईंकडून खोदाईआधीचे फोटो मागवले. त्यांनी पेठेचा मोठा नकाशा जमिनीवर पसरला. गेलेला एकेक नंबर शोधून मी त्यावर लाल पेन्सिलीनं खूण करत गेलो. तासाभरानं खुणा पुऱ्या झाल्या. मधल्या रस्त्यातला एकही दगड गेला नव्हता. गेलेले सगळे दोन्ही कडांचे होते, आणि एकातून दुसऱ्यात जवळजवळ सारखं अंतर होतं. शिवाय त्यातले कित्येक टवके उडालेले, झिजलेले होते. शेजारचे चांगले घडीव दगड कुणी हलवलेही नव्हते. चोराला मालाची पारख असते. आणि चोर एका ढिगाला हात घालतो, बारा ढिगांतून निवडून निवडून नेत नाही.

"मधे एवढं अंतर कशाचं असेल?" ताई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या.

मी आयुष्यभर बाजार बंदोबस्त केलेला माणूस. मला दिसलं. एक बाई मांडी घालून बसेल, शेजारी तिची भाजीची पाटी राहील, तेवढं ते अंतर होतं.

पेठेत आठवडे बाजार भरायचा तेव्हा भाजीवाल्या रस्त्याच्या दोन्ही कडांना बसत. काम सुरू झाल्यापासून बाजार गावाबाहेरच्या मैदानात हलवला होता. दुसऱ्या दिवशी बाजारच होता. साध्या कपड्यांत पिशवी घेऊन गेलो. न्हावऱ्याहून येणारी एक मावशी मला ओळखायची. साठीच्या पुढची, माळव्याचा म्हणजे भाजीपाल्याचा धंदा, जिभेला धार. तिच्याकडून मेथीची जुडी घेतली आणि सहज विचारलं की या नव्या मैदानात जागेवरून भांडणं कशी होत नाहीत.

"भांडून करायचं काय? हितली जागा कुणाचीच न्हाई."

"आणि पेठेतली?"

"पेठंतली ज्येची त्येची. तितं खूण हाय की."

"कसली खूण, मावशी?"

तिनं बांधलेली जुडी सोडली आणि पुन्हा बांधली. मग दुसरी सोडली. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलायला लागतो, असा माझा अनुभव आहे. भ्यालेला माणूस मात्र हाताला काम शोधतो. मी मेथी पिशवीत टाकली, उद्या घरी चहाला येतो म्हणालो आणि निघालो.

न्हावऱ्याला गेलो तो एकटाच, माझ्या मोटारसायकलवर. मावशीनं चहा केला. सून दारात उभी राहिली. कपबशी खाली ठेवल्यावर मी सांगितलं की पथक यायला चार दिवस आहेत, दगड मिळाले नाहीत तर ताईंवर गुन्हा दाखल होईल.

मावशीचा चेहरा बदलला. "त्या पोरीवर कशापायी? तिनं काय केलं?"

ती उठली, मला गोठ्यात घेऊन गेली आणि वैरणीवरचं पोतं बाजूला केलं. पांढऱ्या नंबराचा दगड होता. तिनं तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं. कोरड्या दगडावर काही दिसत नव्हतं, पण भिजल्यावर छिन्नीनं कोरलेला एक विळा वर आला. माझ्या डोळ्यांपुढे मुकादम उभा राहिला. ढिगाजवळ बायका पाणी ओतत होत्या ते आपापली खूण हुडकायला.

"माज्या सासूनं पाटीभर वांगी दिऊन वडाराकडनं पाडून घेतलीया ही," मावशी म्हणाली. "सासू गेली, दगुड मला आला. मी गेल्यावं ह्या सुनंला. ज्येचा दगुड त्येची जागा, असं हाय पेठंत. कुनाचा इळा, कुनाची फणी, कुनाची चिमणी."

"मग उचलून घरी का आणला?"

तिनं सुनेला खूण केली. सुनेनं पत्र्याच्या पेटीतून घडी घातलेला कागद आणून दिला. संस्थेनं बाजारातल्या बायकांना भरायला दिलेल्या अर्जाचा तो कागद होता. नाव, गाव, माल कुठला, आणि शेवटी एक ओळ: जागेचा पुरावा जोडावा.

"नातवानं वाचून दावलं. पुरावा म्हंजी काय त्येबी त्येनंच सांगितलं. आता आमच्याकडं कागद कवाच नव्हता. पावती फाडत्यात ती त्या दिसापुरती. मंग आमी समद्या जणी बोललो, आपला पुरावा तर तितं ढिगात पडलाय. त्यो सरकला, फुटला, दुसऱ्यानं नेला, तर? उद्या नवी पेठ हुईल, सायेब येत्याल, म्हनतील, म्हातारे, तुजी जागा कुठली? तवा मी काय दावू?"

"म्हणून घरी नेलात."

"जोडावा म्हनलंय नव्हं? मागतील तवा जोडू." मग हळूच म्हणाली, "चोरी नव्हं ना सायेब ही?"

कागदोपत्री बघायला गेलं तर सार्वजनिक रस्त्याचे दगड परवानगीशिवाय हलवले होते. मजूर डबा खायला बसले की बायका दगड उचलत. दूध घालून रिकामा परतणारा टेम्पो दुपारी गावाकडे निघायचा, त्यात कॅनच्या मधे दगड ठेवून त्या चार-चार जणी येत. एक्केचाळीस बायका, एक्केचाळीस आरोपी. तेवढ्या बायकांना तारखेला उभं करणारा फौजदार म्हणून माझं नाव झालं असतं. पण चोरीला लबाडीचा हेतू लागतो. इथं हेतू एकच होता, आपली बसायची जागा जाऊ नये. मी मावशीला म्हणालो की माझ्या मते ही चोरी नाही, पण ते साहेबांना पटवावं लागेल, आणि त्यासाठी दगड आधी परत यायला हवेत.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ पेन टेबलावर वाजवत बसले. "पथक यायच्या आत दगड जागेवर दिसले तर तुमचा अहवाल मान्य. नाही दिसले तर माझा नाइलाज आहे."

ताईंना तो कागद दाखवला तेव्हा त्या ढिगावरच बसल्या. "ही ओळ मीच घातली होती, साहेब. पेठ चांगली झाली की बाहेरचं कुणी येऊन यांच्या जागा बळकावेल, म्हणून." त्यांनी कागद दोनदा वाचला. "निधी किती आला, कशावर खर्च होणार, त्याचा फलक मी चौकात लावला. या बायकांना परत कुठं बसवणार, ते मात्र कुठंच लिहिलं नाही. मला ते इतकं उघड वाटत होतं."

मैदानात बायकांची बैठक घेतली. ताई बोलल्या, मी बोललो, पण कुणी दगड द्यायला तयार होईना. मावशीनं सगळ्यांच्या वतीनं सांगितलं, "कागूद तुमच्याकडं, दगुडबी तुमच्याकडं. आमच्याकडं काय ऱ्हायलं?"

बोलणं खरं होतं. त्यांना हातात काहीतरी हवं होतं. जागेचा हक्क देणं हे पोलिसांचं काम नाही, तसला शिक्का मी मारू शकत नव्हतो. पण चौकशीत जबाब घेणं माझं काम होतं, आणि ज्याचा जबाब त्याला त्याची नक्कल द्यायला कुणाची हरकत नव्हती. मी म्हणालो, एकेक बाईचा जबाब लिहितो. तुमची जागा कुठली, किती वर्षांची, आधी कुणाची, दगडावर खूण कसली, सगळं त्यात येईल. खूण मी कागदावर काढेन. नक्कल तुमच्याकडे राहील. ताईंनी पुढचं सांगितलं. दगड बसवताना त्या-त्या दगडाची मालकीण समोर उभी राहील, आणि बसवल्यावर तिचा त्यावर बसलेला फोटो काढून यादीला जोडला जाईल.

बायकांनी आपसांत कुजबुज केली. मग मावशी म्हणाली, "इळा नीट काडा. खुरप्यावानी नगं."

पुढचे दोन दिवस मी मैदानात पत्र्याच्या शेडखाली बसून लिहीत होतो. एवढं लिखाण मी एका दमात कधी केलं नव्हतं. दौंडच्या त्या जमादारांची फार आठवण झाली. पहिला जबाब शिकवताना ते म्हणाले होते, समोरचा बोलतो तसं लिही, तुझं शहाणपण त्यात घालू नकोस. मी तसंच लिहिलं. चित्रकलेत मी कधी पास झालो नव्हतो, तरी फणी काढली, तीन टिंबं काढली, चिमणी काढली. चिमणीवाली बघून म्हणाली, ही कोंबडी हाय. पुन्हा काढली.

दुधाच्या टेम्पोतून दगड परत यायला लागले, आणि मजूर कडा भरून घेत ते लगेच जागेवर बसवत गेले. एक दगड तर कोरेगाव भीमाहून आला. त्याची मालकीण लेकीकडे राहायला गेली होती आणि जाताना दगड एसटीनं घेऊन गेली होती. कंडक्टरनं त्याचं सामानाचं तिकीट फाडलं होतं. ते तिकीटही तिनं पुरावा म्हणून जपून ठेवलं होतं आणि जबाबाला जोडायचा हट्ट धरला. मी जोडलं.

ज्यांनी अर्ज दिला ते कापड दुकानदार हे सगळं दुकानाच्या पायरीवरून बघत होते. दुसऱ्या दिवशी ते आपणहून आले आणि तक्रार गैरसमजातून दिली, असं लिहून गेले. जाताना ताईंना म्हणाले, "माझ्या दारासमोरचे आधी बसवा. लग्नं सुरू झाली." ताई हसल्या आणि त्यांनी तसं केलंही.

पथक आलं त्या सकाळी बाजाराचा दिवस नव्हता, तरी सगळ्या बायका आपापल्या दगडावर येऊन बसल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. पुढ्यात भाजी नाही, नुसत्याच पदर सावरून बसलेल्या. पथकातले अधिकारी फोटो आणि यादी घेऊन एकेक नंबर तपासत चालले. मी मागून चालत होतो. मावशीपाशी आल्यावर अधिकारी थांबले, यादीत बघितलं आणि म्हणाले, "आजी, जरा उठा. खालच्या दगडाचा नंबर बघायचाय."

मावशी उठली नाही. कनवटीला खोचलेली जबाबाची घडी तिनं काढली, उलगडली आणि त्यांच्यापुढे धरली.

"खाली इळा हाय. हितं काडलाय बघा फौजदारांनी. मी उटायची न्हाई."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ताईंकडे. त्या कागदावर माझं वाकडंतिकडं अक्षर आणि माझा विळा होता. अधिकाऱ्यांनी तो सगळा वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग यादीवर त्या नंबरापुढे लिहिलं, दगड जागेवर आहे, आणि पुढच्या बाईकडे वळले. उठायला त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही. कागद मागितला आणि वाचला.

हप्ता सुटला, पावसाळ्याआधी पेठ पुरी झाली. माझा अहवाल साहेबांनी मान्य केला आणि अर्ज दप्तरी दाखल झाला. संस्थेच्या पुढच्या अर्जात ती ओळ ताईंनी बदलली. आता तिथं लिहिलेलं असतं: तुमची जागा कशी ओळखता, ते सांगा.

मला या प्रकरणानं काय शिकवलं, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. गुन्हा म्हणून आलेल्या गोष्टीत आम्ही आधी विचारतो, फायदा कुणाचा. पस्तीस वर्षं मीही तेच विचारलं आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघालं. इथं मात्र भीती कुणाला आहे, हे आधी विचारायला हवं होतं. तसं विचारलं असतं तर मुकादमानं सांगितलेलं पाणी मला पहिल्याच दिवशी कळलं असतं, कारण घरापासून लांब येऊन जागा धरून राहिलेल्या माणसाला ही भीती नवी नव्हती. आणि सरकारी पैशाबद्दल एवढंच म्हणेन की तो कुठं खर्च झाला हे लोकांना सांगितलं पाहिजे, पण त्यानंतर आपण कुठं असणार, हे लोकांना त्याआधी कळायला हवं.

गावी परत जायचं असं निवृत्तीपर्यंत मनात होतं. गेलो नाही. बाजाराच्या दिवशी पेठेत एक फेरी होतेच. मावशी आता येत नाही, गुडघे धरलेत. विळ्यावर तिची सून बसते. मेथी चांगली देते, पण भाव सासूपेक्षा जास्त लावते.